बिब्बा उततो तेव्हा

वाशी-नेरुळच्या दुकानांवर शनिवारी लिंबू-मिरचीची माळ चढते. तीत अनेकदा एक काळे, चपटे फळही ओवलेले असते. तोच बिब्बा, संस्कृतात भल्लातक. दृष्ट काढणारे हे फळ स्वतः मात्र अंगावर उतते, आणि या उतण्याचा इतिहास फार दूरवर पोहोचतो.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर खाजरे, पाणी सुटणारे चट्टे उठू लागले. नेमके कॉलरवर धोब्याने खूण केली होती तिथेच. लिव्हिंगूड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या डॉक्टरांनी १९४३ मध्ये या विकाराची नोंद अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात केली. धोबी बिब्ब्याच्या रसाने कापडावर खूण करीत आणि चुन्याने ती पक्की करीत. ती शाई धुऊन जात नसे. या झाडाच्या शास्त्रीय नावातील ‘सेमेकार्पस’चा अर्थच खुणेचे फळ असा आहे.

दोष रसातील भिलावनॉलचा. चिनी लाखेच्या झाडातील उरुशिऑल हे त्याचे सख्खे भावंड. ती लाख वाळवून ‘गान-ची’ या नावाने चिनी वैद्य औषधात वापरीत आणि ‘शेन्नोंग बेन्त्साओ’ या प्राचीन ग्रंथात तिला वरच्या वर्गात स्थान आहे. अमेरिकेतील पॉयझन आयव्हीतही उरुशिऑलच असते. त्यामुळे ज्या सैनिकाला मायदेशी त्या वेलीची बाधा झाली होती, त्याचे शरीर बिब्ब्यालाही ओळखीचा शत्रू मानू शकत असे. पुरळ लगेच न उठता एक-दोन दिवसांनी उठते, ते या ओळखीमुळेच. (आंबा आणि काजूही याच कुळातले. आंब्याच्या चिकाने ओठ उतलेल्या कोकणी पोराला हे वेगळे सांगायला नको.)

चरकाला हा धोका पुरता ठाऊक होता. चिकित्सास्थानात तो भल्लातकाला अग्नीसारखे म्हणतो आणि विधिपूर्वक दिल्यास अमृततुल्यही. ज्येष्ठ-आषाढात फळे गोळा करून चार महिने जवाच्या किंवा उडदाच्या राशीत पुरायची आणि हिवाळ्यात द्यायची. दहा फळांपासून आरंभ, रोज एकेक वाढवत तीसपर्यंत, त्यापुढे नाही. काढा पिण्यापूर्वी तोंडाला आतून तूप लावायचे. ही सावधगिरी पाहता आधी कितीजणांची तोंडे भाजली असतील, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. पुढे वैद्य फळे विटेच्या चुऱ्यात घोळून शुद्ध करू लागले. स्वतंत्र भारताच्या औषध नियमांतही भल्लातक ई(१) या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत आहे.

कामात खोडा घालण्याला मराठी माणूस ‘बिब्बा घालणे’ म्हणतो, आणि उतलेल्या जागी घरोघरी तीळ-खोबरे वाटून लावतो. मात्र या फळाचा सर्वाधिक चटका सैनिकांना किंवा रुग्णांना बसलेला नाही. विदर्भात बिब्बे फोडून आतली गोडंबी काढणाऱ्या बायकांना तो बसतो. ती गोडंबी शहरात डिंकाच्या लाडवांत जाते. फोडणारीची बोटे काळी पडतात, कातडी सोलवटते आणि पुढच्या हंगामात ती पुन्हा बिब्बे फोडायला बसते.