बर्फाचे येणे बाकी

आमच्या चंद्रपुरात मे महिना लागला की बँकेतली गर्दी वाढते. ठेवी वाढत नाहीत, नुसती माणसे वाढतात. कोणी पासबुक भरून घ्यायला येतो, कोणी फाटकी नोट घेऊन येतो, आणि ज्याच्याकडे यातले काहीच नाही तो "साहेब आहेत का?" असे विचारत येतो आणि साहेब नाहीत असे कळताच खूश होऊन कूलरसमोरच्या बाकावर बसतो. बाहेर पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेलेला असतो. एक पेन्शनर आजोबा मला एकदा सरळच म्हणाले, "भाऊ, तुमची बँक म्हणजे आमचं महाबळेश्वर आहे." मी मान डोलावली. मी काउंटरच्या आत बसतो आणि कूलर काउंटरच्या बाहेर असतो, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती.

तर थंड हवेचे ठिकाण. हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की तो तुकोबांच्या काळापासून चालत आला असावा असे वाटते. वास्तविक आपला पूर्वज डोंगर चढायचा तो देवासाठी, किल्ल्यासाठी, नाहीतर हरवलेल्या गुरासाठी. उकाडा ही सोसायची गोष्ट होती. वाळ्याचा पडदा, कैरीचे पन्हे आणि कोपऱ्यातला माठ एवढ्यावर पिढ्यानपिढ्या उन्हाळे निघाले. नुसते अंगाला गार लागावे म्हणून बिऱ्हाड पाठीवर घेऊन डोंगरावर जायचे, ही कल्पना साहेबाची. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सनला चिखलदरा सापडले. (तिथे आधीपासून राहणाऱ्या कोरकूंना ते हरवल्याचे माहीत नव्हते.) १८२८ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने महाबळेश्वर वसवले, १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानला जाऊन पोचला.

आमच्या चांद्याच्या वाट्याला आले पचमढी. म्हणजे साहेबाच्या वाट्याला आले, आम्ही आपले कागदोपत्री भागीदार. नागपूरचे राज्य इंग्रजांनी १८५४ साली खालसा केले, १८६१ साली मध्य प्रांत नावाचा नवा संसार मांडला आणि त्यात चांदा जिल्हा आला. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा त्याच्याच पोटात होता, तो वेगळा झाला १९८२ साली. पुढच्याच वर्षी, १८६२ मध्ये, कॅप्टन फोर्सिथने पचमढीला 'बायसन लॉज' नावाचा बंगला बांधला आणि हळूहळू सगळ्या प्रांताचे सरकार उन्हाळ्यात तिकडे जाऊ लागले. साहेबामागे मडमसाहेब, त्यांच्यामागे खानसामा, त्याच्यामागे दप्तर आणि दप्तरामागे कारकून, असा तो मोर्चा. तेंदूपाने तोडणारा आणि मोहफुले वेचणारा मात्र खालीच राहिला, कारण ही दोन्ही कामे नेमकी उन्हाळ्यातच असतात.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी बाबांकडून कळले. आमचे बाबा बल्लारपूरच्या सरकारी लाकूड डेपोत कारकून होते. आलापल्लीच्या जंगलातला साग तिथे येऊन पडायचा आणि बाबा त्याची लांबी आणि गोलाई वहीत चढवायचे. त्यांच्या वेळच्या बडेबाबूंनी तरुणपणी, जुन्या प्रांताच्या काळात, साहेबाच्या फायली सांभाळत एक उन्हाळा पचमढीला काढला होता. एकच. पण त्या एका उन्हाळ्यावर त्यांनी पुढची सगळी नोकरी काढली. डेपोत पत्रे तापले, लाकडाला हात लावला तर चटका बसू लागला, की बडेबाबू पंखा हलवत सुरू करायचे, "मे महिना, बाप्पा, आणि आम्ही रजई घेऊन झोपलो!" बाबा ऐकायचे. दरवर्षी ऐकायचे. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरवाटणी झाली तेव्हा पचमढी गेले मध्य प्रदेशात आणि आम्ही आमच्या उकाड्यासह आलो मुंबई राज्यात. वाटणीत थाकट्या भावाला विहीर न मिळता नुसता रहाट मिळावा, तसला प्रकार. चिखलदरा मिळाले खरे, पण ते आमच्यापासून चारशे किलोमीटरच्या घरात.

उन्हाळ्यात थंडीकडे पळणे एक वेळ समजू शकते. नावेच्या समोर जमा पडते. पण हिवाळ्यात, आहे ती थंडी पुरत नाही म्हणून आणखी थंडीत जाणे, हा हिशेब वाणिज्य शाखेच्या पदवीधराला जुळवता येत नाही. हा उद्योग पहिल्यांदा जुळवला एका हॉटेलवाल्याने. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरित्झ गावी योहानेस बाडरुट नावाचा गृहस्थ होता. आल्प्सवर तेव्हा पाहुणे यायचे ते उन्हाळ्यात, हिवाळ्यात हॉटेलात चिटपाखरू नसे. १८६४ सालची गोष्ट सांगतात. हंगाम संपवून निघालेल्या काही इंग्रज पाहुण्यांशी त्याने पैज लावली: हिवाळ्यात माझ्याकडे या, आवडले नाही तर जाण्यायेण्याचा खर्च माझा. ते आले आणि ईस्टरपर्यंत हलले नाहीत. हा बाडरुट आमच्या शाखेत कर्ज मागायला आला असता तर मी त्याच्या अर्जावर 'व्यवसायाची व्यवहार्यता संशयास्पद' असा शेरा मारून तो परत केला असता आणि जगाचे लाखो रुपये वाचवले असते.

आलेल्या पाहुण्यांना तिथे दिवसभर करायचे काय, हा प्रश्न राहिला. त्याचे उत्तर नॉर्वेकडे होते. तिथले लोक शेकडो वर्षे पायाला लाकडी फळ्या बांधून बर्फावरून शिकारीला, शेजारी, देवळात जात. साहेबाने त्या फळ्या उचलल्या आणि कामाची वस्तू खेळाची केली. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल हा १८९४ साली दोघा स्थानिक भावांबरोबर या फळ्यांवरून दावोसहून अरोसा गावापर्यंत डोंगर ओलांडून गेला. उताराचा बराच भाग त्याने फळ्यांऐवजी बैठकीवरून पार केला आणि 'हे कापड झिजतच नाही' असे सांगणारा आपला शिंपी खोटा ठरला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले. एवढा मोठा गुप्तहेर निर्माण करणारा माणूस, पण पँट कशी फाटली हे लपवायची त्याला गरज वाटली नाही. मला हा लेखक तेव्हापासून जास्त आवडू लागला.

घसरून खाली येणे सोपे, पुन्हा वर जायचे कसे? इथे मात्र इतिहास माझ्या फार मनासारखा वागला आहे. अमेरिकेतल्या एका रेल्वे कंपनीला हिवाळ्यात उतारू हवे होते, म्हणून तिने आयडाहोच्या डोंगरात सन व्हॅली नावाचे ठिकाण उभारले. कंपनीत कुरन नावाचा इंजिनिअर होता. त्याने पूर्वी बोटीत केळीचे घड चढवणारी यंत्रे पाहिली होती: वर फिरती दोरी, तिला आकडे, आकड्याला घड. त्याने आकडा काढला, खुर्ची लावली आणि घडाच्या जागी माणूस बसवला. १९३६ साली जगातली पहिली खुर्चीची लिफ्ट सुरू झाली. तेव्हा बर्फाच्या डोंगरावर रुबाबात वर जाणारा कोणीही दिसला की तो केळीच्या जागी बसला आहे हे लक्षात ठेवावे. मत्सर कमी होतो.

आपल्याकडे हा खेळ आला तो काश्मीरमार्गे. गुलमर्ग हे आधी उन्हाळ्याचेच ठिकाण. मूळचे नाव गौरीमार्ग, ते सोळाव्या शतकात युसुफ शाह चक या राजाने बदलले असे सांगतात. इंग्रज तिथे गोल्फ खेळत. १९२७ साली फौजेतल्या साहेबांनी तिथे स्की क्लब काढला. १९४७ ला साहेब गेले, पण बर्फ आणि उतार इथेच राहिले, आणि लढाई तर दारात येऊन ठेपली होती. लगेच १९४८ मध्ये आपल्या लष्कराने गुलमर्गला जवानांना बर्फावर चालायला, लढायला शिकवणारी शाळा उघडली. साहेबाने कामाची वस्तू खेळाची केली होती, ती आपण परत कामाची केली. मग १९९८ साली डोंगरावर जाणारा पाळणा झाला, २००५ साली त्याचा दुसरा टप्पा झाला, आणि माझ्यासारख्या माणसाची तिथे जायची सोय झाली.

माझी एलएफसी, म्हणजे बँकेची प्रवास-सवलत, संपत आली होती. "या वेळी बाबांना घेऊन जाऊ," सौ. म्हणाली. बाबांचे वय ७६, रक्तदाब आहे. मी म्हटले, रामेश्वर. बाबा म्हणाले, "बर्फ."

"बाबा, ती काय तुमच्या वयाची जागा आहे?"

"आपल्या आश्रमशाळेची पोरं एव्हरेस्टवर जाऊन आली, आन मले गुलमर्ग बी झेपत नाही?"

याला उत्तर नव्हते. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांची पाच मुले खरोखरच एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली होती: मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख असे त्यांचे महिनोन्‌महिने शिक्षण झाले होते. आमच्याकडे मे महिन्यात माणूस चहाला जायचा तर रुमाल बांधून जातो, त्या मे महिन्यात ही पोरे तिकडे. साहेब पचमढीच्या वर कधी गेला नाही, हे बाबांनी मला तेव्हाही ऐकवले होते.

स्वेटर घ्यायला तिबेटी बाजारात गेलो. दर हिवाळ्यात हे लोक आमच्याकडे दुकाने थाटतात. आमच्या शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून त्यांची वसाहत आहे. हिमालयापलीकडची माणसे सरकारने झाडीपट्टीच्या धानपट्ट्यात आणून वसवली, तेव्हा त्यांच्या पहिल्या मे महिन्याचे काय झाले असेल, या विचाराने मला अजून घाम येतो. बाबांनी दुकानातल्या बाईला कौतुकाने सांगितले, की बर्फ पाहायला चाललो. ती माकडटोपी बांधून देत म्हणाली, "मी बी नाही पाह्यला कधी, आजोबा. इथंच जलमली ना मी. आई सांगायची." आणि तिने वीस रुपये कमी केले. बाबा टोपी हातात घेऊन थोडा वेळ तसेच उभे राहिले.

आम्ही गुलमर्गला पोचलो ते जानेवारी २०२४ च्या मध्यावर. त्या साली काय झाले ते पेपर वाचणाऱ्यांना आठवत असेल. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा कडाका असतो, त्याला चिल्ला-ए-कलाँ म्हणतात. बर्फाची सगळी बेगमी त्या चाळीस दिवसांची. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वादळी वाऱ्यांनी तो आणायचा असतो. ते वारे त्या हिवाळ्यात रुसले. तंगमर्गला भाड्याने घेतलेले गमबूट आणि घोट्यापर्यंतचे डगले घालून आम्ही चौघे गाडीतून उतरलो आणि पाहतो तो समोर वाळलेले पिवळे गवत. थेट आमच्या मूल रोडच्या कडेला असते तसे. चिरंजीवांनी मला विचारले, "बाबा, आपण नक्की आलो आहोत ना?"

स्कीच्या दुकानात फळ्या रांगेने टेकून उभ्या होत्या. भिंतीवर शोभेला एक जुनी लाकडी जोडी टांगली होती. बाबांनी परवानगी न विचारता तिच्यावरून हात फिरवला, नखाने टोकरले, वास घेतला आणि निकाल दिला, "सागवान नाही." दुकानदार हसला. जुन्या फळ्या ॲश नाहीतर हिकरीच्या लाकडाच्या असत, हे मी नंतर वाचले. बाबांना सागवान नाही एवढे कळणे पुरेसे होते, त्यांच्या लेखी जगातल्या लाकडांचे तेवढेच दोन प्रकार.

गवतावर एक जण लाकडी स्लेज घेऊन बसला होता. बर्फावर पाहुण्यांना बसवून ती ओढायची, हा त्याचा धंदा. आम्हाला पाहून उठला. "बैठिये, फोटो निकालिये." मी विचारले, किती दिवस झाले असे? तो म्हणाला, पूरा सीझन. मग स्लेजच्या दोरीची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधत म्हणाला, "साब, बर्फ आएगा. देर हुई है."

हे वाक्य मी ओळखतो. धानाची रोपे टाकून झाली, जुलै अर्धा गेला आणि पाऊस नाही, अशा वेळी कर्जखात्याच्या टेबलासमोर येऊन शेतकरी हेच बोलतात, याच आवाजात, आणि हातातल्या पिशवीचे बंद असेच सोडतात-बांधतात. मी तोपर्यंत बर्फ ही श्रीमंतांची चैन समजत होतो. इथे ते पीक होते आणि ते बुडत होते. आम्ही चौघे आळीपाळीने त्या स्लेजवर बसलो. बाबा बसले तेव्हा त्या माणसाने गवतावरून ती चार पावले खरोखर ओढून दाखवली. बाबा संकोचून एकदम उतरले. "राहू द्या भाऊ, राहू द्या." जन्मभर ज्याने साहेबाची खुर्ची पुसली त्याला ओढून घ्यायची सवय नव्हती. त्याने सांगितले त्याच्या दुप्पट पैसे मी दिले आणि सौ.ने घासाघीस केली नाही. पंधरा वर्षांच्या संसारात ही पहिलीच वेळ.

डॉक्टरांनी पाळण्याच्या पहिल्याच टप्प्याची परवानगी दिली होती. तिथे, कोंगडोरीला, एका मोठ्या खडकाच्या सावलीला बर्फ होता. बाबा काठी टेकत तिथवर गेले, वाकले आणि सवयीने वितीने मोजू लागले. लांबी सव्वादोन हात, रुंदी दीड, जाडी चार बोटे. वर धूळ. एक चिमूट उचलून त्यांनी तळव्यावर धरली, ती वितळेपर्यंत पाहत राहिले आणि ओला हात माकडटोपीला पुसला.

आम्ही परत आलो आणि महिनाअखेरीस गुलमर्गला बर्फ पडला. टीव्हीवर दाखवत होते. स्लेजवाला दिसतो का ते मी बातम्या संपेपर्यंत पाहत होतो.

बाबा आता मे महिन्यात बँकेत येतात. पासबुक भरलेलेच असते. कूलरसमोरच्या बाकावर पेन्शनरांची बैठक असते, तिथे रुमाल सोडत ते सुरू करतात, "जानेवारी महिना, बाप्पा, आन आम्ही गुलमर्गले..." मी काउंटरच्या आतून ऐकतो. चाळीस अंशाला बर्फ घोट्यापर्यंत होता. त्रेचाळीसला गुडघ्यापर्यंत आला. परवा पारा शेहेचाळिसावर गेला, त्या दिवशी स्लेज बर्फात रुतली होती आणि ती काढायला चार माणसे लागली.