पीककापणी प्रयोग : जालना जिल्ह्याच्या संदर्भात

पीककापणी प्रयोग : एखाद्या मुलखात पिकाचा दरहेक्टरी उतारा किती पडला हे नजरेच्या अजमासावर न सोडता, यादृच्छिक रीतीने निवडलेल्या शेतांत ठरावीक मापाचे तुकडे आखून, त्यांतील पीक कापून, मळून व तोलून, त्यावरून सबंध मुलखाच्या उत्पन्नाचे अनुमान बांधण्याची संख्याशास्त्रीय पद्धती. राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा वाटा आणि पीकविम्याची भरपाई या दोहोंचा हिशेब याच अनुमानावर उभा असल्याने अर्थशास्त्र, संख्याशास्त्र व अलीकडचे कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधन ही तिन्ही शास्त्रे येथे एका बांधावर येतात.

येथे ही पद्धती जालना जिल्ह्याच्या संदर्भात पाहिली आहे. निजामाच्या अमलात त्याचे दिवाण सालारजंग यांनी 1865 मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, केली. त्यानंतर औरंगाबाद जिल्ह्यात मोडणारा जालन्याचा मुलूख 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1981 रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. कापूस, सोयाबीन, तूर व मोसंबी ही येथील शेतीची मुख्य पिके होत. बहुतांश शेती पावसाच्या भरवशावर असल्याने उताऱ्याचा आकडा हा येथे केवळ दप्तरात नोंदवून ठेवण्याचा विषय राहत नाही. कर्जाचा हप्ता, मुलांची फी आणि पुढच्या पेरणीचे बियाणे त्यावर अवलंबून असते.

या प्रयोगांपूर्वीची आणि काही अंशी आजही चालू असलेली रीत आणेवारीची. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे असे धरून, उभ्या पिकाकडे पाहून ते किती आणे आले हे अंमलदाराने सांगावे, असा तिचा क्रम. दशमान नाणी आल्यावर ती पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांच्या आतील गाव टंचाईग्रस्त मानण्याचा प्रघात पडला. अनुभवी तलाठ्याची नजर तुच्छ लेखण्याजोगी नव्हती; परंतु त्या नजरेत दोन दोष उपजत होते. भरघोस पीक म्हणजे नेमके किती, याचे प्रत्येकाचे प्रमाण निराळे. आणि अजमास किती चुकला असेल हे सांगण्याचे कोणतेही साधन त्या रीतीत नव्हते. चूक नाही असे कोणतेच अनुमान नसते. पण आपली चूक किती असू शकेल हे जे अनुमान स्वतःच सांगते, तेच शास्त्राच्या पदवीला पोहोचते.

ते साधन यादृच्छिक निवडीने दिले. बिहार व ओरिसा प्रांतात 1923 ते 1925 या काळात जॉन हबॅक या सनदी अधिकाऱ्याने भाताच्या शेतांतून तुकडे निवडून कापणी केली; बंगालमध्ये 1937 पासून प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तागाच्या क्षेत्राची नमुना-पाहणी चालविली. या क्षेत्रात महाराष्ट्राने दिलेला मनुष्य म्हणजे पांडुरंग वासुदेव सुखात्मे (1911–1997). सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले सुखात्मे लंडनला संशोधन करून परतले व 1940 नंतरच्या दशकात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत राहून त्यांनी पीककापणीची पद्धती देशभर बसविली. त्यांचा व महालनोबिसांचा तुकड्याच्या आकाराविषयीचा वाद या शास्त्राच्या इतिहासात मननीय आहे. महालनोबिसांचा कल लहान तुकड्यांकडे होता, कारण थोड्या खर्चात ते पुष्कळ कापता येतात. सुखात्म्यांनी 1946 मध्ये दाखवून दिले की तुकडा फार लहान असला की उत्पन्न वास्तवाहून जास्त दिसते. कारण क्षेत्राच्या मानाने त्याची कड मोठी असते, कडेवरचे ताट आत धरावे की बाहेर, असा प्रश्न वारंवार पडतो आणि कापणाऱ्याचा हात ते आत ओढण्याकडे वळतो. ही चूक तुकड्यांची संख्या वाढविल्याने नाहीशी होत नाही. हजार तुकडे कापले तरी ती हजार वेळा एकाच दिशेने होते. सुखात्म्यांनी पुरस्कारिलेला 33 फूट लांब व 16.5 फूट रुंद तुकडा, म्हणजे एकराचा ऐंशीवा हिस्सा, आजच्या 10 मीटर गुणिले 5 मीटर या मापाशी जवळजवळ जुळतो.

प्रत्यक्ष प्रयोगात गावे, त्यांतील गटक्रमांक आणि शेतातील तुकड्याची जागा ही तिन्ही यादृच्छिक संख्यांवरून ठरतात. शेताच्या कोपऱ्यापासून लांबीकडे किती पावले व रुंदीकडे किती, हेही कापणाऱ्याच्या मर्जीवर नसते. महसूल, ग्रामविकास व कृषी या खात्यांचे गावपातळीवरील कर्मचारी हे काम वाटून घेतात. सोयाबीन एका दिवसात कापून तोलता येते. कपाशीला मात्र अनेक वेचण्या असतात आणि प्रत्येक वेचणीचे वजन त्याच तुकड्यातून घेऊन बेरजेला धरावे लागते. एखादी वेचणी नोंदीतून सुटली तर आकडा घटतो, आधीच कोणी वेचून नेली असली तरीही घटतो.

या मोजणीला विम्याच्या अर्थशास्त्राशी जोडण्याचे श्रेय पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांचे. प्रत्येक शेतकऱ्याच्या नुकसानीची स्वतंत्र चौकशी करणे खर्चिक आणि लबाडीला वाव देणारे असल्याने सारख्या हवामानाच्या क्षेत्राची सरासरी हाच भरपाईचा आधार असावा, असे त्यांनी 1976 मध्ये मांडले. 1979 चा प्रायोगिक विमा, 1985 ची सर्वंकष योजना आणि 2016 ची प्रधानमंत्री पीक विमा योजना यांच्या मुळाशी हाच विचार आहे. मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने, म्हणजे विम्याने हमी दिलेल्या टक्केवारीने, गुणून उंबरठा उत्पन्न काढतात; प्रत्यक्ष उत्पन्न त्याखाली गेले की भरपाई लागू होते. समजा ते हेक्टरी 1,000 किलो ठरले आणि महसूल मंडळाचे, म्हणजे काही गावांच्या गटाचे, प्रत्यक्ष उत्पन्न 800 किलो आले, तर विमासंरक्षित रकमेचा पाचवा हिस्सा मंडळातील प्रत्येक विमाधारकास मिळतो. एखाद्याचे शेत पूर्ण बुडाले असले तरी तेवढाच आणि साधले असले तरी तेवढाच. ही सरासरी महसूल मंडळासाठी किमान दहा प्रयोगांवर काढावी असा केंद्रीय दंडक आहे. शेताशेतांतील तफावत सरासरीच्या 40 टक्के धरली तर दहा प्रयोगांच्या सरासरीतील प्रमाणत्रुटी सुमारे 13 टक्के येते, आणि उंबरठ्याच्या आसपास घोटाळणाऱ्या मंडळात तेवढ्या फरकाने भरपाई मिळते किंवा हुकते. दांडेकरांची कल्पना योग्य होती. तिच्या अंमलाला लागणारी मोजणी पुरेशी दाट कधीच झाली नाही, हे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ही उणीव भरून काढण्याच्या आशेने आता उपग्रह व यंत्रशिक्षण यांचा आश्रय घेतला जातो. दिल्लीत 2012 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पीक अनुमान केंद्रास महालनोबिसांचेच नाव आहे. 2023 च्या खरिपापासून भात व गहू यांच्या बाबतीत आणि पुढे सोयाबीनच्या बाबतीत दूरसंवेदनावरून काढलेल्या उत्पन्नाला किमान 30 टक्के भार देण्याचे केंद्र सरकारने ठरविले. पानांच्या हिरवेपणाचे निर्देशांक, पाऊस, तापमान व जमिनीतील ओल यांवरून उतारा किती येईल हे यंत्र पूर्वीच्या नोंदींतून शिकते. खरिपात ढगांमुळे साधी प्रतिमा निरुपयोगी ठरते, तेव्हा ढगांतून पार जाणाऱ्या रडारलहरींचा उपयोग होतो. तथापि ज्या पूर्वनोंदींवरून यंत्र शिकते, त्या पीककापणी प्रयोगांच्याच असतात. सेंटिनेल-2 या उपग्रहाचा सर्वांत बारीक चित्रबिंदू 10 मीटर चौरसाचा, म्हणजे कापणीच्या तुकड्याच्या दुप्पट. जालन्यात कपाशीच्या ओळींत तूर असलेल्या शेतात त्या एकाच बिंदूत दोन पिके मिसळलेली असतात. तुकडा कोणाच्या सोयीने निवडला गेला असेल किंवा वजन कचेरीत बसून भरले गेले असेल, तर यंत्र ती लबाडीही तितक्याच निष्ठेने शिकते, आणि नंतर तिच्यावर शास्त्राची मोहोर उमटलेली असते. सुखात्म्यांनी दाखविलेली कडेची चूक आणि ही चूक या एकाच जातीच्या आहेत: निरीक्षणे कितीही वाढविली तरी त्या धुऊन निघत नाहीत. उलटपक्षी उपग्रहप्रतिमांवरून चांगले, मध्यम व हलके पीक असे आधी गट पाडून प्रत्येक गटातून शेते निवडली, तर थोड्या कापणीत अधिक नेमके अनुमान मिळते; या यंत्रांचा सर्वांत भरवशाचा उपयोग हाच होय.

महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये विमायोजना बदलताना स्थानिक आपत्ती व हंगामातील प्रतिकूल परिस्थिती यांची वेगळी भरपाई वगळली आणि हंगामअखेरचे उत्पन्न हाच आधार ठेवला, त्यामुळे कापणीच्या आकड्याचे वजन पूर्वीहून वाढले आहे. प्रत्येक तुकड्याचा गटक्रमांक, कापणीचा दिनांक व वजन गावच्या चावडीवर लावले गेले, तर ज्याच्या हक्काचा तो आकडा आहे त्याला तो आपल्या डोळ्यांनी पडताळता येईल.