उचललेले ओझे कोण धरते?

पास्कलचा नियम आपण सर्वजण शाळेत शिकतो आणि पुढे शिकवतोही. फळ्यावर एक अरुंद व एक रुंद अशी दोन नळकांडी काढायची, ती खालून नळीने जोडायची, लहान दट्ट्यावर थोडा जोर लावला की मोठा दट्ट्या जड ओझे उचलतो असे सांगायचे, आणि उदाहरण म्हणून मोटारीच्या जॅकचे नाव घ्यायचे. पाठ बहुधा इथे संपतो. त्यापुढचा एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ओझे उचलले हे ठीक, पण आता ते वर कोण धरून ठेवणार?

हा प्रश्न केवळ पुस्तकातला नाही, हे एका साध्या उदाहरणावरून पाहू. अमेरिकेत घराभोवतालची हिरवळ कापण्यासाठी बसून चालवायचे छोटे ट्रॅक्टर सर्रास वापरले जातात. हिरवळ कापण्याच्या यंत्राचे पहिले पेटंट इंग्लंडमधील स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगने १८३० साली घेतले. ते यंत्र माणसाने ढकलायचे होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला इंजिन, चार चाके आणि बसायला जागा असलेली छोटी भावंडे मोठ्या संख्येने आली. जॉन डिअर कंपनीचा '११०' हा असा ट्रॅक्टर १९६३ सालचा. त्याच्या पोटाखाली, पुढच्या व मागच्या चाकांच्या मधे, पत्र्याची परात उपडी घातल्यासारखा एक भाग असतो आणि त्यात आडवी पाती फिरतात. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना यंत्रामागे चालवत नाही, अशा माणसांना हे वाहन फार सोयीचे. पण ओले गवत त्या परातीत चिकटून बसते, पाती बोथट होतात, आणि ती साफ करायची तर खाली वाकावे किंवा आडवे व्हावे लागते. म्हणजे चालणे कठीण म्हणून ज्याने ट्रॅक्टर घेतला, त्यालाच सुमारे दोनशे किलोचे ते धूड उचलून त्याखाली हात घालण्याची वेळ येते. त्याने हे काम सुरक्षितपणे कसे करावे? उत्तर शोधण्यासाठी आपल्याला दोन हजार वर्षे मागे जावे लागेल.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हिरॉनने 'मेकॅनिका' हा ग्रंथ लिहिला. तो पूर्ण स्वरूपात आज अरबी भाषांतरामुळेच उपलब्ध आहे. ओझे हलवण्याची पाच साधने त्याने सांगितली: रहाट, तरफ, कप्पी, पाचर आणि मळसूत्र, म्हणजे स्क्रू. या पाचही साधनांचा हिशेब एकच असतो. जोर कमी लावायचा असेल तर अंतर जास्त कापावे लागते. मात्र एका बाबतीत ती सारखी नाहीत. पहारीने दगड उचलला आणि पहार सोडली, तर दगड खाली येतो. कप्पीचा दोर सोडला तरी तेच. पाचर आणि मळसूत्र यांचे तसे नाही. हात काढून घेतला तरी ती जागच्या जागी राहतात.

हे घर्षणामुळे घडते. मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण. ही उतरण पुरेशी कमी चढाची असेल, तर वरचे ओझे तिच्यावरून घसरू शकत नाही आणि स्क्रू उलटा फिरत नाही. त्याची किंमत म्हणजे वाया जाणारे श्रम. जो स्क्रू ओझ्याने उलटा फिरत नाही, त्याची कार्यक्षमता साधारणपणे निम्म्यापेक्षा कमीच असते. समजा, जॅकच्या स्क्रूचे दोन आटे सहा मिलिमीटर अंतरावर आहेत आणि फिरवायचा दांडा तीस सेंटिमीटरचा आहे. एका फेऱ्यात हात सुमारे १८८४ मिलिमीटर फिरतो आणि ओझे सहा मिलिमीटर चढते. गुणोत्तर झाले ३१४. कार्यक्षमता वीस टक्केच धरली तरी हाताच्या जोराची साठपटीहून अधिक वाढ होते. ऐंशी टक्के श्रम घर्षणात गेले, पण त्याच घर्षणाने ओझे धरून ठेवले. तेराव्या शतकातील व्हिलार द ऑनकूर या फ्रेंच माणसाची चित्रवही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्यातही ओझी उचलण्यासाठी स्क्रूचे यंत्र काढलेले आहे.

आता पास्कलकडे येऊ. ब्लेझ पास्कल १६६२ साली वारला आणि द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यात तो पाण्याने भरलेले एक बंद भांडे कल्पितो. भांड्याला दोन तोंडे आहेत, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे. दोन्हींवर घट्ट बसणारे दट्ट्ये आहेत. लहान दट्ट्यावर एक माणूस जोर लावील, तर तो मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांना तोलून धरील. पास्कलने हेही स्पष्ट केले की इथे फुकट काही मिळत नाही. लहान दट्ट्या एक इंच खाली गेला, तर मोठा इंचाचा शंभरावा भागच वर येतो.

कल्पना इतकी सोपी असूनही उपयोगी यंत्र तयार व्हायला १३२ वर्षे लागली. अडचण तत्त्वात नव्हती, 'घट्ट बसणारे' या दोन शब्दांत होती. दट्ट्या सैल असेल तर दाब वाढताच पाणी कडेने निसटते. फार घट्ट असेल तर तो हलतच नाही. हा पेच इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाच्या कारखान्यात सुटला. ब्रामा यॉर्कशायरमधील शेतकऱ्याचा मुलगा. सोळाव्या वर्षी अपघातात पाय दुखावला आणि शेतीची अंगमेहनत त्याला अशक्य झाली, म्हणून त्याला सुतारकामाला घातले. त्याच मुलाने पुढे १७९५ साली जलचालित दाबयंत्राचे पेटंट घेतले. दट्ट्याभोवती बसवलेल्या चामड्याच्या कड्याने गळती थांबली. या कड्याची घडण अशी की आतला दाब वाढला की ते दट्ट्यावर अधिकच घट्ट बसते आणि दाब उतरला की सैल होते. या युक्तीचे श्रेय जेम्स नॅस्मिथने आपल्या आत्मचरित्रात ब्रामाचा तरुण सहकारी हेन्री मॉडस्ले याला दिले आहे.

या यंत्राने उचलण्याची ताकद अफाट वाढली, आणि स्क्रूकडे असलेला एक गुण मात्र गेला. इथे ओझे घर्षणावर टेकलेले नसते, ते कोंडलेल्या द्रवावर तरंगत असते. कडे झिजले, झडपेत कचरा अडकला, नळकांड्याला तडा गेला, की द्रव वाट काढतो आणि ओझे खाली येते.

याची परीक्षा १८४९ साली वेल्समध्ये झाली. मेनाई सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन रेल्वेचा ब्रिटानिया पूल बांधत होता. लोखंडी पत्र्यांच्या प्रचंड चौकोनी नळ्या, त्यांच्या पोटातून गाडी जाणार. मुख्य गाळ्याची एकेक नळी दीड हजार टनांच्या घरात होती. ती पाण्यावरून तरंगत आणायची आणि मनोऱ्यांवर बसवलेल्या जलदाब यंत्रांनी साखळ्या ओढून सुमारे शंभर फूट वर चढवायची, अशी योजना होती. स्टीफन्सनने एक अट घातली. नळी जसजशी वर चढेल, तसतशी तिच्या टोकांखालची जागा लगोलग बांधकामाने भरून काढायची. यामुळे काम रेंगाळणार होते, पण तो अटीवर ठाम राहिला.

१७ ऑगस्ट १८४९ रोजी एका दाबयंत्राच्या नळकांड्याचा तळ अचानक फुटला. नळीचे टोक खाली आदळले, पण जास्तीत जास्त नऊ इंच, कारण त्याखाली भर तयार होती. एवढ्याशा पडण्यानेही खालचे बिडाचे जाड ओतीव भाग चिरडले गेले. नळी मात्र थोडी वाकण्यावर निभावली. खाली मोकळी जागा असती, तर ती सामुद्रधुनीच्या तळाशी गेली असती. ५ मार्च १८५० रोजी पूल सुरू झाला.

आमच्या मते पास्कलच्या नियमाचा पाठ या घटनेपर्यंत न्यायला हवा. दाबयंत्राने उचलायचे आणि टेकूने धरायचे, ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांना दोन वेगळी साधने लागतात. ब्रिटानियाचे यंत्र त्या काळच्या उत्तम कारागिरांनी घडवले होते, तरी ते फुटले. स्टीफन्सनने यंत्र फुटणारच नाही असे मानले नाही. फुटले तर नळी किती पडेल, याचा त्याने आधी विचार केला.

पुढे १८५१ साली न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन याने सहज नेता येईल अशा जलदाब यंत्राचे पेटंट घेतले आणि मनोऱ्यावरचे यंत्र एका माणसाच्या हाती आले. पाण्याऐवजी पुढे तेल वापरात आले. आज गॅरेजमध्ये दिसणारा जॅक हा त्याच वंशातला. १९३६ पासून विकल्या गेलेल्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरमध्ये हॅरी फर्ग्युसनने नांगर उचलायलाही तेलाचा दाब वापरला. ती तीन सांध्यांची जोडणी आज आपल्या शेतातल्या ट्रॅक्टरांनाही असते. मात्र ओझे जॅकवर तोलून खाली शिरण्याची सवयही या यंत्रांबरोबर सगळीकडे पसरली.

आता त्या हिरवळीच्या ट्रॅक्टरकडे परत जाऊ. जॅक सुटला आणि यंत्र तीस सेंटिमीटर मोकळे पडले, तर किती वेळ लागेल? मुक्त पतनाच्या सूत्राने उत्तर येते सुमारे पाव सेकंद. धोका दिसल्यावर हात हलायला सुरुवात होईपर्यंतच सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. म्हणजे गुडघे दुखणारा म्हातारा आणि कॉलेजातला खेळाडू, दोघांनाही हात काढून घेण्याइतका वेळ मिळत नाही. चपळाईने इथे कोणीच वाचत नाही. वाचवतो तो आधी लावलेला टेकू.

एवढे समजले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप निघतात. जमीन सपाट व कठीण हवी, कारण मऊ जमिनीत जॅक कलतो. या ट्रॅक्टरांचा हातब्रेक सामान्यतः मागच्या चाकांवर चालतो. ती उचलली तर ब्रेक निरुपयोगी होतो, म्हणून पुढची बाजू उचलायची आणि मागच्या चाकांना पुढून-मागून उटी लावायची. पाती चुकून फिरू नयेत म्हणून किल्ली काढायची आणि स्पार्क प्लगची तार सोडवायची. उचलल्यावर सांगाड्याखाली दोन्ही बाजूंना, वजन पेलतील असे लोखंडी स्टँड ठेवायचे आणि जॅक उतरवून भार त्यांच्यावर टेकवायचा. पोकळ सिमेंटचे ठोकळे वापरायचे नाहीत, ते टोकाच्या भाराने तडकतात. मग यंत्र हाताने हलवून पाहायचे आणि नंतरच हात खाली घालायचा. फार तिरपे करायचे नाही, नाहीतर पेट्रोल सांडते आणि इंजिनातले तेल नको तिथे शिरते.

ज्याला वाकणे अवघड आहे त्याने आणखी एक विचार करावा. आपण यंत्राखाली जाण्याऐवजी काम आपल्याकडे आणता येईल का? पुढची चाके धरून ट्रॅक्टर उचलणारी, उभ्याने चालवायची साधने मिळतात. त्यांत स्क्रू किंवा दातेरी चक्र व खटका असलेले साधन निवडले, तर हात सुटला तरी ओझे जागेवर राहते. तिथेही अडसराची खीळ किंवा स्टँड लावायचाच. त्याहून चांगले म्हणजे, अनेक ट्रॅक्टरांत पात्यांची परात खिळी व पट्टा सोडवून बाजूने ओढून काढता येते. मग दुसऱ्या कोणाच्या मदतीने ती टेबलावर ठेवून बसल्या बसल्या साफ करता येते. ट्रॅक्टर उचलावाच लागत नाही. आपल्याकडे रोटाव्हेटरची पाती बदलतानाही हीच विचारसरणी लागू पडते. ट्रॅक्टरच्या तेलदाबावर अधांतरी धरलेल्या रोटाव्हेटरखाली हात घालू नये. आधी इंजिन बंद करून त्याला भक्कम टेकू द्यावा.

वर्गात हे दाखवायला फार सामान लागत नाही. सुई नसलेल्या दोन सिरिंज घ्या, एक दोन मिलिलिटरची व एक वीस मिलिलिटरची. त्या सलाइनच्या नळीच्या तुकड्याने जोडा आणि हवेचा बुडबुडा न राहू देता पाणी भरा. मोठ्या सिरिंजच्या दट्ट्यावर दोन-तीन पुस्तके ठेवून लहान दट्ट्या दाबा. व्यास मोजून जोर आणि अंतर यांचा हिशेब मुलांकडूनच करून घ्या. पुस्तके वर गेली की नळी सिरिंजवरून हळूच काढा आणि काय होते ते पाहू द्या. नंतर तोच प्रयोग पुन्हा करा. या वेळी पुस्तके चढतील तसतसे त्यांच्या दोन्ही कडांखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवत जा, मग नळी काढा. पुस्तके किती खाली आली ते पट्टीने मोजा. तो आकडा एका पुठ्ठ्याच्या जाडीइतका असेल, तर मुलांना ब्रिटानिया पुलाची गोष्ट सांगायची वेळ झाली.