आर्ब्रोथ : मठ, पत्र आणि उत्तरकालीन स्मृती

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, डंडी शहराच्या ईशान्येस सुमारे २५ किलोमीटरवर आर्ब्रोथ हे बंदर वसले आहे. तांबड्या वालुकाश्मात बांधलेल्या मठाचे भग्नावशेष आणि लाकडाच्या धुरावर शिजविलेले हॅडॉक मासे यांसाठी प्रवासी या गावाला ओळखतात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते इ. स. १३२० च्या एका लॅटिन पत्रामुळे परिचित असते. ‘आर्ब्रोथची घोषणा’ या नावाने प्रसिद्ध असलेले हे पत्र लोकसत्तेच्या तत्त्वाचा प्राचीन उद्गार मानले जाते. ते ज्या स्थळाशी आणि ज्या वर्षाशी निगडित आहे, त्यांच्या संदर्भात वाचले असता हा अर्थ कितपत टिकतो, हे तपासणे अगत्याचे ठरते.

मठाचा जन्मच मुळी राजकारणातून झाला. १२ व्या शतकात कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट आणि इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री यांचे वैर विकोपास जाऊन ११७० मध्ये बेकेटचा वध झाला. पुढे ११७४ मध्ये हेन्रीने बेकेटच्या समाधीपुढे प्रायश्चित्त घेतले आणि जवळजवळ त्याच सुमारास स्कॉटलंडचा राजा विल्यम हा ॲनिक येथे इंग्रजांच्या हाती सापडला. सुटकेसाठी त्याला हेन्रीचे अधिराज्य मान्य करावे लागले. अशा या विल्यमने ११७८ मध्ये आर्ब्रोथचा मठ स्थापून तो बेकेटलाच अर्पण केला. त्याचा अंतस्थ हेतू काहीही असो, हेन्रीच्या प्रतिस्पर्ध्याची ही निवड अर्थशून्य होती असे म्हणवत नाही. १२१४ मध्ये विल्यमचे दफनही येथेच झाले.

या परिसराचा धार्मिक इतिहास मठाहून जुना आहे. जवळच्या सेंट व्हिजिअन्स या खेड्यात पिक्ट लोकांचे कोरीव दगड जतन केलेले आहेत. त्यांपैकी एकावर ‘ड्रॉस्टन’ हे नाव लॅटिन लिपीत कोरलेले आढळते. म्हणजे विल्यमने ओसाड भूमीवर नव्हे, तर पूर्वसंस्कारित प्रदेशात आपला मठ उभारला.

आता पत्राकडे वळू. १३१४ मध्ये बॅनकबर्नची लढाई जिंकूनही रॉबर्ट ब्रूस याला पोपची मान्यता मिळाली नव्हती. उलट तो धर्मबहिष्कृत होता. त्याची बाजू ॲव्हिन्यों येथील पोप बाविसावा जॉन याच्यापुढे मांडण्यासाठी आठ अर्ल व एकतीस सरदार यांच्या नावाने हे पत्र लिहिले गेले. त्यावर ६ एप्रिल १३२० ही तारीख आणि आर्ब्रोथ मठाचा उल्लेख आहे. त्या दिवशी सर्व सरदार मठात एकत्र जमले होते, असे मानण्यास मात्र आधार नाही. मठाधिपती बर्नार्ड हा राजाचा चॅन्सेलर होता. त्यामुळे राजाच्या दप्तराचे काम येथून चाले आणि स्थळाचा उल्लेख त्यामुळेच आला, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक दिसते.

राजाने राज्य इंग्रजांच्या अधीन केल्यास त्याला हाकलून दुसरा राजा निवडू, हे या पत्रातील सर्वांत प्रसिद्ध कलम होय. वरवर पाहता हा राजालाच दिलेला इशारा वाटतो. परंतु पत्र राजपक्षाच्या कार्यासाठी तयार झाले होते, हे विसरून चालत नाही. जॉन बेल्यल याने १२९६ मध्ये राज्यत्याग केला आणि १३०६ मध्ये रॉबर्टने सिंहासन घेतले. राज्य राखू न शकणाऱ्या राजाला दूर करता येते, हे तत्त्व रॉबर्टच्या स्वतःच्या हक्काला पोषकच होते.

त्याच वर्षीच्या घटना याहून बोलक्या आहेत. पत्र लिहिल्यानंतर काही महिन्यांतच राजाविरुद्धचा कट उघडकीस आला. ऑगस्टमध्ये स्कोन येथे भरलेल्या सभेपुढे ज्यांची चौकशी झाली, त्यांत पत्रात नावे असलेले विल्यम सूल्स, रॉजर मोब्रे व डेव्हिड ब्रीचिन हे होते. मोब्रे आधीच मरण पावला होता. त्याचे प्रेत न्यायासनापुढे आणण्यात आले. डेव्हिडला देहदंड झाला. कट ठाऊक असूनही त्याने तो लपविला, असे पुढे बार्बर या कवीने लिहिले. डेव्हिडचे ब्रीचिन हे गाव आर्ब्रोथपासून अवघ्या २० किलोमीटरवर आहे. तेथील प्राचीन वर्तुळाकार मनोरा पाहणाऱ्यास हा दुवा सहसा सांगितला जात नाही. एकमुखी राष्ट्राचा आवाज म्हणून गौरविलेल्या पत्रामागे दुभंगलेला सरदारवर्ग उभा होता.

स्मृती आणि प्रमाण यांतील असेच अंतर समुद्रातही दिसते. किनाऱ्यापासून सुमारे १८ किलोमीटरवरील बेल रॉक हा खडक भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो. आर्ब्रोथच्या मठाधिपतीने तेथे घंटा बांधली व एका चाच्याने ती कापून टाकली, ही दंतकथा रॉबर्ट साउदीच्या काव्यामुळे सर्वतोमुखी झाली. याउलट तेथील दीपगृहाचा इतिहास लेखी आहे. रॉबर्ट स्टीव्हन्सनच्या देखरेखीखाली १८०७ मध्ये काम सुरू झाले, आर्ब्रोथच्या आवारात घडविलेले दगड ओहोटीच्या मोजक्या तासांत बसविण्यात आले आणि १ फेब्रुवारी १८११ रोजी दीप उजळला. स्टीव्हन्सनने १८२४ मध्ये या कार्याचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला.

तथापि उत्तरकालीन स्मृतीला केवळ भ्रम म्हणून बाजूस सारणे हीही चूक ठरेल. पहिल्या एडवर्डने १२९६ मध्ये स्कोनहून नेलेली अभिषेकशिला १९५० च्या नाताळात काही विद्यार्थ्यांनी वेस्टमिन्स्टरमधून पळविली. ११ एप्रिल १९५१ रोजी ती आर्ब्रोथच्या भग्न मठात ठेवलेली आढळली. हे स्थळ निवडण्यामागे १३२० च्या पत्राचीच स्मृती होती. पुढे १९९८ मध्ये अमेरिकेच्या सेनेटने आपल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा आदर्श म्हणून या पत्राचा उल्लेख केला. या संबंधाला पुरावा अपुरा असला, तरी तो ठराव स्वतःच इतिहासाचा भाग झाला आहे.

सारांश, १३२० च्या पत्राचा अर्थ १३२० मध्येच पूर्ण झाला नाही. पत्र राजाच्या हितासाठी लिहिले गेले, आणि राजाहून राज्य श्रेष्ठ हा विचार त्यातूनच पुढील पिढ्यांनी उचलला. ही दोन्ही विधाने खरी आहेत. मात्र दोहोंचा काळ भिन्न आहे. तो वेगळा राखणे हेच संशोधकाचे काम होय.