वण : लपवायचा की मिरवायचा?

गुडघ्यावर जुना वण नाही असा विद्यार्थी वर्गात क्वचितच सापडेल. त्या वणावर लव उगवत नाही, घामही येत नाही. खोल जखम भरताना शरीर पूर्वीची त्वचा पुन्हा घडवत नाही. कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे ठिगळ लावते. मूळ त्वचेत हे तंतू टोपलीच्या विणीसारखे गुंफलेले असतात, वणात ते बरेचसे एकाच दिशेने पडतात. त्याची बळकटी मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही.

या ठिगळालाच पश्चिम आफ्रिकेतील अनेक समाजांनी अलंकार मानले. गडद त्वचेवर गोंदण उठून दिसत नाही, चिरा देऊन उठवलेला वण दिसतो. चिरेत राख किंवा कोळशाची पूड चोळली की जखम भरायला वेळ लागतो, तंतू जास्त साठतात, वण उंचावतो. योरुबा लोकांत गालावरच्या अशा रेघांवरून कूळ ओळखले जाई. या रूढीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. चिरा पडत त्या बहुधा अजाण मुलांच्या गालांवर. नायजेरियाच्या २००३च्या बालहक्क कायद्याने मुलांच्या अंगावर अशा खुणा करण्यास मनाई केली आहे.

कादेर अत्तिया हा फ्रान्समध्ये जन्मलेला, अल्जेरियन वंशाचा कलावंत. जर्मनीतील कासेल येथे २०१२ साली भरलेल्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात त्याने दोन गोष्टी शेजारीशेजारी मांडल्या : तडे गेल्यावर उघड टाके घालून सांधलेल्या आफ्रिकी वस्तू आणि पहिल्या महायुद्धात चेहरा छिन्न झालेल्या सैनिकांची छायाचित्रे. त्या चेहऱ्यांवरून सेनेगलच्या कारागिरांनी कोरलेली लाकडी मस्तकेही तिथे होती. युरोप दुरुस्ती म्हणजे ‘जणू काही घडलेच नाही’ असे करणे समजतो, आफ्रिकी कारागीर सांधा दिसू देतो, असे त्याचे म्हणणे. जीवशास्त्र इथे कारागिराच्या बाजूचे आहे, असे आम्हांला वाटते.

अर्थात ज्याचा चेहराच गेला, त्याने वण मिरवावा असे कोण म्हणेल? इंग्लंडमध्ये सिडकपच्या रुग्णालयात १९१७पासून हॅरल्ड गिलीज जिवंत कातडी रक्तपुरवठ्यासह सरकवून असे चेहरे उभे करीत. या विद्येची एक वाट पुण्याहून गेली होती. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या, इंग्रजी फौजेतील एका मराठा बैलहाक्याची हकीगत ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४मध्ये छापली. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने मेणाचे नाक बनवले, ते सपाट करून कपाळावर ठेवले आणि त्या मापाची कातडी उतरवली. भुवयांमधला देठ मात्र जोडलेलाच ठेवला, रक्त त्यातूनच मिळायचे. ती वाचून सराव केल्यावर लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली. मासिकाने त्या पुणेकराचे नाव छापले नाही. कपाळावरचा वण काही काळाने फारसा जाणवत नाही, हे मात्र आवर्जून नोंदवले.