वायुरहित रंगफवारणी : सोय आणि धोका

१८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील इमारती रंगविण्यासाठी यांत्रिक फवाऱ्याचा उपयोग झाला. पुढे रूढ झालेल्या संपीडित हवेच्या पद्धतीत मात्र रंगाचे बरेच कण उडून वाया जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसार पावलेल्या वायुरहित यंत्राने केवळ दाबाच्या बळावर, सूक्ष्म छिद्रातून रंगाचे तुषार केले. धुके घटले, परंतु नवा धोका उद्भवला. डिझेल इंजिनातील तेलाचा झोत त्वचा भेदतो, हे रीस यांनी १९३७ मध्येच नोंदविले होते. रंगाच्या झोताचीही अशीच जखम वरून क्षुल्लक दिसते; शस्त्रक्रियेस विलंब झाल्यास बोट गमवावे लागते. अमेरिकेतील बांधकाम-सुरक्षानियमांनी दर चौरस इंचास १,००० पौंड वा अधिक दाबाच्या फवारणी-पिस्तुलास चापरोधक किंवा तत्तुल्य संरक्षण आवश्यक ठरविले. तथापि मुख चोंदल्यास प्रथम दाब उतरविणे, ही शिस्त कारागिराच्या हातीच राहिली.