नानांची वाटणी

१९९४ सालचा आषाढ. गावातल्या किराणा दुकानाच्या फोनवर मुंबईहून निरोप आला, "नाना गेले. माती उद्या करतो, सकाळपतुर या." दुकानदाराचा पोरगा पळत रानात आला. आबा बांधावर बसून आभाळाकडं बघत होते. खटावात तोवर पाऊस नव्हता, पेरणी रखडलेली. त्यांनी निरोप ऐकला, पायताण घातलं आणि काही न बोलता घराकडं चालायला लागले. नाना म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, माझे चुलते. मी तेव्हा सातवीत होतो.

घरात नानीनं ऐकलं आणि खाली बसली. रडण्याआधी तिनं विचारलं, "म्या येऊ का मुंबईला?" नानांशी लगीन होऊन तिला सत्तावीस वर्षं झाली होती. कोयनेचा भूकंप झाला त्या सालचं, १९६७ चं लगीन. नाना त्याच्याआधी सहा वर्षं मुंबईला गेलेले. नानीनं मुंबई एकदाही बघितली नव्हती.

यात नवल काही नव्हतं. आमच्या भागात घरटी एक माणूस मुंबईला आणि त्याची बायको गावाला, हीच रीत. ताडदेवला १८५४ साली कावसजी दावरांनी पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या तशी कोकणातली माणसं गेली, मागोमाग घाटावरची गेली. महाबळेश्वरात पाऊस मावत नाही आणि तिथनं तीन-चार तासांच्या वाटेवर आमच्याकडं ज्वारी करपते. ढग सह्याद्रीलाच रिकामे होतात. माझी आत्या तासगाव तालुक्यात दिलेली. तो जिल्हा १९४९ ला साताऱ्यातनं वेगळा काढला, तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं. सांगली हे नाव १९६० ला आलं. आमची आज्जी मरेपर्यंत दक्षिण साताराच म्हणायची. जिल्हे दोन झाले, पण माण-खटाव काय आणि आटपाडी-जत काय, दुष्काळ एकच राहिला. अण्णाभाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. तेसुद्धा पोरवयात आईबापाबरोबर पायी मुंबईला गेले आणि पुढं गिरणीत राबले. आमच्या नशिबी निदान आगगाडी होती.

आत्याला फोनवरनं निरोप धाडला होता. ती किर्लोस्करवाडीला रात्रीच्या गाडीत बसली. साताऱ्याच्या फलाटावर आम्ही डबे बघत पळत होतो, तेवढ्यात तिची हाक आली, "आबा, हिकडं!" डब्यात दोघं भाऊ-बहीण गळ्यात पडून रडले. नानी खिडकीशी बसली. तिच्या मांडीवर भाकरीचं गठुडं होतं. मेलेल्या माणसाकडं निघताना भाकरी कशाला, असं मला वाटलं. पण नाना सुट्टीवरनं परत निघाले की ती तेवढंच बांधून द्यायची, त्या दिवशीही हात तसाच चालला असेल.

पहाटे घाटात बोगदे सुरू झाले आणि पाऊस लागला. एवढा पाऊस मी जन्मात पाहिला नव्हता. आबा पुटपुटले, "ह्यातला चार आणे जरी आपल्याकडं पडला असता..." पुढचं ते बोललेच नाहीत.

ते का गप्प झाले, हे मला नंतर कळलं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागं गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणूस एका दिवसात घरी बसला. मुंबईत बसून खायचं काय, म्हणून हजारो कामगार गावी आले. नाना शिमग्याला आले. जिरायत साडेतीन एकर, त्यात दोन चुली, आज्जी आणि आम्ही पोरं. ते आले म्हणजे मनिऑर्डर थांबली आणि खाणारं तोंड वाढलं. संप आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत पावणेदोन वर्षं गेली. १९८३ च्या दिवाळीत आबा त्यांना म्हणाले, "नाना, ह्या रानावर दोन संसार निघत न्हाईत. तू मुंबईलाच काय तरी बघ." नानांनी वाद घातला नाही. भाऊबीज आटपून ते पहिल्या एस.टी.नं गेले. दोन महिन्यांनी पत्र आलं की गिरणीत परत घेतलं आहे, काळजी नसावी. पाठोपाठ दीडशे रुपयांची मनिऑर्डरही आली.

दादरला उतरलो तेव्हा आमच्या गावचे बापू न्यायला आले होते. लालबागच्या एका चाळीत गावाचा गाळा होता. गाळा म्हणजे गावानं वर्गणी काढून घेतलेली एकच खोली. भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर पत्र्याच्या ट्रंका. गिरण्यांच्या तीन पाळ्या चालू असताना तिथं तीस माणसं राहायची. एक पाळीवर गेला की त्याच्या वळकटीच्या जागेवर दुसरा निजायचा. आता अकरा उरली होती. अंगणात ताडपत्रीखाली नानांना बर्फावर ठेवलं होतं. चाळीत त्या दिवशी एकही चूल पेटली नव्हती. बाया नानीच्या भोवती अशा बसल्या, जणू तिला वर्षानुवर्षं ओळखत होत्या. एकजण म्हणाली, "तुमच्या हातची चटणी आम्ही सगळ्यांनी खाल्लीय वैनी. त्ये वाटायचे."

माती भोईवाड्याला झाली. आबांनी अग्नी दिला. पावसात लाकडं धुमसत होती आणि आबा डोळे चोळत होते.

दुपारी बापूंनी नानांची ट्रंक उतरवली. दोन सदरे, एक धोतर, तुकारामाची गाथा, गिरणीचं तिकीट म्हणजे नंबराचा पास आणि सुतळीत बांधलेल्या मनिऑर्डरच्या पावत्या. आबांनी विचारलं, "गिरणीचा हिशोब कवा मिळंल?" बापू दाराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कुठली गिरणी, आबा? संपानंतर त्यांस्नी परत घेतलंच न्हाई. रात्री एका इमारतीवर राखणीला जायाचे आन् सकाळी दादरच्या बाजारात गोण्या उचलायचे. परवा कामावरनं आले, चा पिले, पडले ते उठलेच न्हाईत."

आबांनी पावत्या मांडीवर घेतल्या. अकरा वर्षांच्या होत्या, एकही महिना चुकलेला नव्हता.

गाळा पुरुषांचा, म्हणून रात्री बायका खानावळवाल्या मावशीकडं निजल्या. मी लहान, म्हणून मीही तिथंच. गिरणगावात हजारो माणसं अशा बायकांच्या हातचं जेवून जगली. त्यांचीच संघटना म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. मावशीनं नानीला नानांची वही दाखवली. बाकी शून्य होती. नानीला वाचता येत नव्हतं. ती नुसती त्या पानावरनं हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी बापूंच्या पोरानं मला दुमजली बशीत वरच्या मजल्यावर पुढं बसवलं आणि समुद्र दाखवला. मी वडापाव खाल्ला, दोन खाल्ले. परत आल्यावर आत्यानं माझं तोंड पुसलं आणि कानात म्हणाली, "गावात सांगू नगंस." मी सांगितलं नाही. पण मला त्या दिवशी आनंद झाला होता, हे आजही नाकारता येत नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. आबांना सगळी माहुलीला न्यायची होती, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. बापू आडवे आले. "तेहतीस वर्सं हितं राह्यला त्यो माणूस. थोडी आमच्याकडं सोडा. आम्ही समुद्रात सोडतो." आबा तडकले, "आमचा माणूस हाय!" बापूही तडकले, "तुमचा हुता तर धाडला कशापायी?"

कुणीच काही बोलेना. तेव्हा नानी पुढं झाली. "जिता हुता तवा वाटूनच घेतला की त्याला. आता राखंवरनं भांडू नगासा." तिनं स्वतःच्या हातानं दोन मडक्यांत वाटणी केली. मग आबांकडं न बघता म्हणाली, "सत्तावीस वर्सांत समदे दिवस जोडले तर पाच वर्संबी भरत न्हाईत, भावजी. त्यातली पावणेदोन संपातली. संपातच माझा संसार झाला."

एक मडकं दादरच्या चौपाटीवर गेलं. दुसरं नानीनं गाडीत रात्रभर मांडीवर धरलं, येताना भाकरीचं गठुडं धरलं होतं तसंच. कर्जतच्या पुढं कधीतरी आबांनी आत्याला विचारलं, "मी चुकलो का गं?" आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पोरं उपाशी ठिवली असतीस तरी चुकला असतास. पर त्याला येकदा बोलवायचं हुतं." बोलवायला अकरा वर्षं होती. दर वर्षी नाना जत्रेला आणि दिवाळीला येत, आबा त्यांना एस.टी.पर्यंत पोचवत आणि तो विषय निघत नसे.

दिवस झाल्यावर आबा तलाठ्याकडं गेले आणि नानांच्या जागी नानीचं नाव लावून घेतलं. पुढं वाटणीही केली. विहिरीकडचा तुकडा त्यांनी तिला दिला, मागितला नसताना.

गिरण्यांच्या जागांवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. म्हाडानं गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज मागवले आणि २०१२ ला पहिली सोडत निघाली. त्याकाळी कामावर होता याचा पुरावा लागत होता, तेव्हा ट्रंकेतला तो नंबराचा पास कामी आला. नानीच्या नावानं मीच अर्ज भरला. आमचा नंबर अजून लागलेला नाही. मुंबईला दाखवायला कुणी न्यायचं म्हटलं तर ती येत नाही, पण नंबराची चौकशी मात्र दर वर्षी करते. मी एकदा विचारलं, "नानी, घर लागलं तर तू राहणार हायस का तिथं?" ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "म्या न्हाई. बापूंच्या नातवाला दे ऱ्हायला. गाळा मोडला न्हवं त्यांचा."